तुझ्या वर्गातला गलका

हमिदा, काल खानावळीत एक ट्रकवाला आला. जुना माणूस, माझ्या हातचं जेवून केस पांढरे झालेला. ताट पुढे ओढून माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, घसा बसलाय काय?" मी मान हलवली. तिच्यातून हो पण निघेना आणि नाही पण निघेना. त्याने भात कालवला, घास घेतला, परत वर बघितलं. "नाय, वाढताना काय बोलला नाय तुम्ही. मला वाटलं चुकीच्या खानावळीत शिरलो."

तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

बोलणं गेलंय माझं. तू गेल्यापासून. लागेल तेवढंच बोलते, भात हवा का, आमटी हवी का. एरवी तोंड उघडलं की मला त्या दुपारचा माझाच आवाज ऐकू येतो, आणि मी मिटते. तुझा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे. तुझी नसीम परवा येऊन बसली होती. म्हणाली, "मावशी, बोलवत नाय तर लिहा. अम्मी आमच्यापेक्षा तुमचं जास्त ऐकायची." म्हणून लिहायला बसले. शाळेचं माझं तुला ठाऊकच आहे. दुकानांच्या पाट्या आणि भजी बांधून यायची ते कागद वाचत वाचत शिकलेली मी. बोलते तसंच लिहिणार. तू कुठे जन्मलीस, नोकरी किती झाली, कोणी सत्कार केला, ते सगळं नसीम लिहील. मला दुसरंच बोलायचंय तुझ्याशी.

आपली पहिली भेट आठवते? कढईतलं तेल माझ्या हातावर उडालं होतं आणि टमटममध्ये घालून मला महाडला, तुझ्या हॉस्पिटलात आणलं होतं. तू पट्टी करत होतीस आणि मी बोलत होते. कढई कोणी हलवली, वडे कसे अर्धे कच्चे राहिले, टमटमवाला कसा खड्डा बघून बघून घालत होता. बाजूच्या कॉटवरचा म्हातारा कण्हत कण्हत म्हणाला, "सिस्टर, ह्या बायला गप करा हो." तू मान वर केली नाहीस. "नको बाबा, बोलू दे तिला." आणि मला हळूच म्हणालीस, "बोलत राहा गो. तू बोलतेस तोवर मला कळतं, सोसवतंय. गप झालीस की मी हात थांबवीन."

हे वाक्य मी किती वर्षांत आठवलं नव्हतं. आता दिवसातून कितीदा आठवतं ते विचारू नको.

मग आपली मैत्री कशी वाढली ते सांगत बसत नाही. महाड ते पोलादपूर, तू यायचीस, मी यायचे. तुझ्या घरच्या तांदळाच्या रोट्या, माझ्याकडची माशाची आमटी. तुझा नवरा गल्फला, माझा कायमचा गेलेला. दोघींना बोलायला वेळ होता. म्हणजे मला बोलायला आणि तुला ऐकायला.

मग कधीतरी तुम्हा सिस्टर लोकांना पुण्याला ट्रेनिंगला धाडलं. सजगतेचं ट्रेनिंग. परत आलीस ती थेट माझ्या पडवीत बसून सांगू लागलीस, की एका गार हॉलमध्ये सगळ्यांना गोल बसवलं आणि प्रत्येकीच्या तळहातावर एक मनुका ठेवली. आधी नुसती बघायची. मग बोटांनी चाचपायची. मग नाकाशी धरायची. मग तोंडात, पण चावायची नाही. "एक मनुका गो, वत्सला! तेवढ्यात मी आख्खा वॉर्ड फिरून आले असते." मी म्हटलं, "एवढं लांब बोलावून एकच? आमच्याकडे पोरांना सुद्धा मूठभर देतात." दोघी हसलो. मग तू मध्येच थांबलीस आणि म्हणालीस, "पण चावली ना, तेव्हा मला रडायला आलं. इतकी वर्षं मी जेवतच नव्हते गो. गिळत होते. एक डोळा ताटावर आणि एक दारावर, कोणाला उचलून आणतायत का."

त्यावर मी काय म्हटलं ते आठवत नाही. काहीतरी म्हटलंच असेल.

नोकरी संपल्यावर माणसं जरा पाय पसरतात. तू माझ्याकडे येऊन म्हणालीस, "कॅज्युअल्टीत मी जन्मभर पेशंट बघितले. पण त्यांना दरीतून वर काढणारे, गाडीत घालून आणणारे, ते काय करतात माहीत हाय? पेशंटला कॉटवर ठेवतात आणि दारात उभे राहतात. शर्टाला रक्त. हात कुठे ठेवायचे ते कळत नाय. त्यांच्याकडे कोण बघतं गो?"

नवा रस्ता खालून गेल्यापासून माझी दुपार मोकळीच झाली होती. मी म्हटलं, "माझी बाकडी रिकामी असतात. आण त्यांना."

आणि आणलेस की! दर बुधवारी. दोर लावून घाटात उतरणारे, ॲम्ब्युलन्सवाले, आंबेनळी घाटात रोज एसटी चढवणारे-उतरवणारे, कारखान्यातले, ज्यांना आख्खी पाळी यंत्रांवरच्या काट्यांकडे आणि दिव्यांकडे बघत काढायची असते. पहिल्या दिवशी तू माझ्या भाज्यांच्या फळ्यावर 'सजगता' लिहिलंस. एक ड्रायव्हर म्हणाला, "सिस्टर, हे नवीन औषध काय?" तू ते पुसलंस आणि 'भान' लिहिलंस. "आता कळलं?" "हां, हे कळलं. घरची रोज विचारते, भान हाय काय तुम्हाला!" सगळा हॉल हसला. मनुकेच्या जागी तू माझ्या बरणीतली आमसुलं वाटलीस. ते मिशीवाले बाप्ये डोळे मिटून, गाल आत ओढून, जिभेवर आमसूल धरून बसलेले. त्यातला संतोष, आपला दोरवाला संतोष, तोंडातल्या तोंडात म्हणाला, "सिस्टर, सोलकढी कधी येतेय?"

आणि मी. तू सांगितलंस, डोळे मिटा, श्वास नाकाला कुठे लागतो तेवढंच बघा. आणि नेमकी त्याच वेळी मी मागच्या दारात मासळीवालीशी हुज्जत घालत होते. ती गेली तर फोन आला. फोन झाला तर टोप पडला. टोप पडला म्हणून मी टोपाला बोलले. हॉलमध्ये खसखस पिकली. मला वाटलं, आता तू मला हाकलतेस. माझ्याच खानावळीतून.

तू म्हणालीस, "हसू नका. हिला बोलू द्या. घाटात तुमच्या मागे माणसं भांडतात, पोरं रडतात, फोन वाजतात. कारखान्यात भोंगा होतो. दरीत वरून दहा जण ओरडतात, इकडे ओढ, तिकडे ओढ. शांत जागेत कोणाचंही भान राहतं. हिच्या बोलण्यात राहिलं तर कुठेही राहील." आणि माझ्याकडे वळून, "वत्सला, हे तुझं काम. मी डोळे मिटले की तू सुरू करायचं. आमच्याकडे बघायचं नाय, कोणाला काय विचारायचं नाय, मध्ये थांबायचं नाय. तू बोलत राहायचं आणि ह्यांनी श्वासावर राहायचं."

मी तुझ्या वर्गातला गलका झाले. आधी राग आला. मग अभिमान वाटायला लागला, खोटं कशाला बोलू. बुधवारी काय बोलायचं ते मी मंगळवारपासून ठरवायचे. माझ्या भावाच्या लग्नातली रुसलेली वरमाय, दासगावच्या मावशीचा होडीत बसायला तयार नसलेला बोकड, सगळं तुझ्या विद्यार्थ्यांनी डोळे मिटून ऐकलंय. म्हणजे ऐकायचं नव्हतं त्यांनी. एकदा तो एसटीवाला येऊन पाया पडला माझ्या. म्हणाला, "मावशी, परवा उतारावर मागे दोन बाया झिंज्या धरायच्या बाकी होत्या. मला तुमची आठवण झाली. मग वळणावर मला वळणच दिसत होतं, दुसरं काय नाय." मी तुला म्हटलं, "बघितलंस? मी काय कमी सिस्टर नाय." तू म्हणालीस, "तू सिस्टर नाय, तू सायरन."

आपलं भांडण झालं ते संतोषवरून. त्याला शब्द दिला होता म्हणून तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आता त्याला विचारून लिहिते आहे. तो दरीतून एकाला वर घेऊन आला होता. जिवंत नव्हता तो माणूस. संतोष घरी जाण्याआधी माझ्या मागच्या दारी आला, कारण तशा कामावरून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही, आणि मी त्याच्यासाठी पाणी तापवून ठेवायचे हे ठरलेलं होतं. तू पण होतीस. तू त्याला जोत्यावर बसवलंस आणि म्हणालीस, पाय जमिनीला टेकव, घाई नाय, फक्त टेकलेत ते बघ. त्याची ती अवस्था मला बघवेना. मी पाणी ओतता ओतता बोकडाची गोष्ट लावली. होडी, बोकड, मावशीचं लुगडं, सगळं. आणि तो हसला. मोठ्याने हसला.

तो गेल्यावर मी तुला म्हटलं, "बघ. माणसाला गप बसवून काय होत नाय. त्याला हसवावं लागतं. बोलून मोकळं करावं लागतं."

तू म्हणालीस, "तो कुठे बोलला गो? बोललीस तू."

"हसला ना?"

"हसला. त्याचे हात बघितलेस?"

नव्हते बघितले.

"तांब्या धरवत नव्हता त्याला. तू पाणी ओतत होतीस म्हणून कळलं नाय." मग म्हणालीस, आणि तू असं लागणारं कधी बोलायची नाहीस म्हणून ते जास्त लागलं, "वत्सला, तुला बोलायला माणूस लागतो. बघायला लागत नाय."

मी तुझ्याशी दोन बुधवार धड बोलले नाही. गलका केला, पण तुझ्याशी बोलले नाही. मग तू जवळ्याची चटणी घेऊन आलीस आणि मी ती खाल्ली, आणि भांडण तिथंच राहिलं. मिटलं नाही, राहिलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं. मला तुला सांगायचं होतं की गप बसलेल्या घरात मी एकटीने किती दिवस काढलेत, आणि बोलले नसते तर मला वेड लागलं असतं. तुझं सगळं भान बिन ठीक आहे, पण ते ज्याच्या घरात माणसं आहेत त्याला. हे सांगायला चांगला दिवस बघत होते.

त्या आधीच आपण सव गावी गेलो होतो, गरम पाण्याच्या कुंडावर. मी गळ्यापर्यंत पाण्यात आणि तोंड चालू. तू लवकर बाहेर आलीस. पायरीवर बसून एक हात मागे नेऊन पाठ दाबत होतीस, दुसरा जबड्याखाली. मी विचारलं, "काय झालं गो?" विचारलं, एवढं तरी खरं. तू म्हणालीस, "दमल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, "गरम पाण्याने होतं तसं. आणि तू जाडी झालीस." तुझ्या जाडीवरून मी माझ्या नणंदेच्या जाडीवर गेले, तिच्यावरून तिच्या सुनेवर. सून संपेपर्यंत तुझी साडी नेसून झाली होती.

आणि मग तो बुधवार.

लिहायचा नव्हता. पण तो सोडून बाकी लिहिणं म्हणजे परत तेच, बोकडाची गोष्ट.

वर्ग सुटला होता. सगळे गेले होते. फक्त ॲम्ब्युलन्सवाला प्रमोद गाडी समोर लावून पलीकडच्या टपरीवर चहा पीत उभा होता. आपण दोघी पडवीत बसलो वाल सोलायला. मोड छान आले होते. मला बिरडं करायचं होतं आणि तू म्हणालीस, "आण अर्धे इकडे, माझे हात रिकामे हायत." मध्ये कोमट पाण्याचं पातेलं, तुझ्यापुढे एक ताट, माझ्यापुढे एक ताट. तू थोडे सोललेस. मग पाठ भिंतीला टेकवलीस आणि डोळे मिटलेस.

तू डोळे मिटलेस की मी बोलायचं. बघायचं नाही, विचारायचं नाही, थांबायचं नाही.

हमिदा, मी बोलले. तुझं शिकवणं माझ्या इतकं अंगात मुरलं होतं की मला वाटलंही नाही आता वर्ग नाही. मला वाटलं, दमलीय, बसलीय तिच्या श्वासावर. मी आवाज चढवला, तू वर्गात खुणावायचीस तसा. काय बोलत होते ते सुद्धा आठवतं. हिरकणीवाडीच्या माझ्या चुलत बहिणीकडे रायगडाचा रोपवे बघायला आलेली पाहुणी आणि तिला झालेली उलटी. तेवढं बोलले मी तुझ्यापाशी. शेवटचं. एका अनोळखी बाईच्या उलटीबद्दल.

माझं ताट भरत होतं. बोटं आपोआप चालतात, साल निघते, वाल ताटात, परत पातेल्यात हात. एकदा नजर बाजूला गेली ती तुझ्या चेहऱ्यावर नाही गेली. तुझ्या ताटात गेली. तुझे वाल वाढत नव्हते. मी म्हटलं, "काय गो, आळशी, सगळे मीच सोलायचे काय?"

मग वर बघितलं.

समोर ॲम्ब्युलन्स उभी होती. चालवणारा तिथेच उभा होता. नुसती हाक मारली असती तर त्याच्या हातातला कप खाली पडला असता आणि तो आला असता. इतका वेळ माझा आवाज रस्त्यापर्यंत जात होता, त्याने नंतर सांगितलं, त्याला पाहुणीची गोष्ट ऐकू येत होती. सगळा आवाज होता माझ्याकडे. त्यात हाक नव्हती.

गप झालीस की मी हात थांबवीन, असं तू मला म्हणाली होतीस. तू गप झालीस. माझे हात चालूच होते.

प्रमोदने काय केलं ते तुला सांगायला हवं, कारण ते तुझं आहे. माझी गोष्ट पुढे ऐकू येईना तेव्हा तो वळून धावत आला. तुला गाडीत ठेवलं, मी शेजारी चढले. तो पुढे बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि थांबला. मी ओरडणार होते. तेवढ्यात त्याचे खांदे खाली आले आणि गाडी निघाली. एक श्वास, तू शिकवलास तसा. त्यानंतर महाडपर्यंत त्याने एक धक्का बसू दिला नाही. रस्त्याच्या कामाच्या जागा, ती खोदकामं, त्यातून पाणी वाहावं तशी गाडी काढली. तुझी विद्या तुझ्याच कामाला आली गो. तिच्यात काही कमी नव्हतं. उशीर झाला होता तो पडवीत झाला होता.

आणि मागे मी बसले होते, तुझा हात धरून. तेव्हा बोलायला हवं होतं. डॉक्टर सांगतात, कान शेवटपर्यंत जागे असतात. जन्मभर बोलले, तिथे एक शब्द फुटला नाही.

तुझ्या घरी बायका कुराण पढत होत्या. मी भिंतीला टेकून बसले. नसीमने मला पाणी दिलं. येणारी प्रत्येक बाई माझ्याकडे बघायची, की आता ही काहीतरी बोलेल, आणि मग हळूच बाजूला व्हायची. तुझ्या घरात चूल पेटवायची नव्हती म्हणून शेजारपाजारचं जेवण येत होतं. मी दुसऱ्या दिवशी ते बिरडं करून नेलं. तुझ्या ताटातले मूठभर वाल मी आधी वेगळे काढून ठेवले होते. मग वाटलं, वेगळे ठेवून काय करणार, वास मारतील. एकाच टोपात घातले. पोरं जेवली. चांगलं झालं होतं, असं नसीम म्हणाली.

आता रागाचं पण लिहू दे. तू सिस्टर होतीस गो! पाठ, जबडा, दम, हे काय असतं ते तू आख्ख्या तालुक्याला सांगायचीस. माझ्या शेजारणीला तू स्वतः हाताला धरून हॉस्पिटलात नेलं होतंस. आणि स्वतःचं? त्या मिशीवाल्यांना शिकवायचीस, अंगात काय चाललंय तिकडे बघा, ते खोटं बोलत नाही. सवला त्या पायरीवर तुला कळलं नव्हतं? का कळून गप बसलीस? मला सांगितलं नाहीस, कारण माझ्या नणंदेची सून चालू होती? किती वेळा वाटलं असेल तुला, आता ही थांबली की सांगते. मी थांबतच नव्हते. म्हणजे फिरून रागाचं तोंड माझ्याकडेच येतं.

नसीम म्हणते, डॉक्टर म्हणाले की हार्टचा झटका मोठा होता, कोणी काही करू शकलं नसतं. ती आणखी एक म्हणते. "मावशी, अम्मीला काय होतंय ते अम्मीला कळलं असणार. तिला तुमचा आवाज ऐकत जायचं होतं. म्हणून डोळे मिटले." पोर तुझ्यावर गेली आहे, दुसऱ्याच्या जखमेवर फुंकर घालताना स्वतःची विसरते. मी तिचे हात हातात घेतले. पण हमिदा, ते फार गोड आहे, म्हणून मला ते घेववत नाही. तुला माझा आवाज ऐकायचा होता, का तुला मला हाक मारायची होती आणि माझ्या आवाजातून ती बाहेर आली नाही? तू हात उचलला होतास का? एवढंच मला हवंय. मला ते कधी कळणार नाही. मी वाल बघत होते.

एवढं लिहून ठेवलं होतं, आणि बुधवारी ते आले. मी बोलावलं नव्हतं. बाकड्यांवर बसले आपापल्या जागी. संतोष, प्रमोद, कारखान्याचे दोघे, एसटीवाला रजा टाकून. फळ्यावर तुझं 'भान' तसंच होतं. मी पुसलं नव्हतं, भाज्या लिहिल्याच नाहीत तेव्हापासून. त्यांनी डोळे मिटले. कोणी सांगायला नव्हतं तरी मिटले. मी आतल्या दारात उभी. बाहेरून एक गाडी गेली तेवढाच आवाज.

बऱ्याच वेळाने संतोषने एक डोळा उघडला. "मावशी, असं नाय जमत. फार शांत हाय."

"मग शांत बस की."

"शांत बसायला तुमचं बोलणं लागतं आम्हाला. सिस्टरनी सवयच तशी लावलीय."

मी बरणी काढली आणि प्रत्येकाच्या हातावर आमसूल ठेवत गेले. हे कधी मी केलं नव्हतं, हे तू करायचीस. आणि ठेवताना पहिल्यांदा त्यांचे हात बघितले. इतके बुधवार गेले, माझ्याच हॉलमध्ये बसतात, आणि मी हात बघितले नव्हते कोणाचे. संतोषच्या तळव्यावर दोराने सोललेली कातडी, नवी. कारखान्यातल्या एकाचं अंगठ्याचं नख कुरतडून कुरतडून निम्मं. प्रमोदची बोटं स्टिअरिंग धरावं तशी वळलेली, रिकामीच.

मग मी सुरू केलं. कुठून करू कळेना म्हणून मनुकेपासून केलं. पुण्याचा गार हॉल, सिस्टर गोल बसलेल्या, एकेकीच्या हातावर एकेक मनुका. आवाज हळूहळू आपला वाटेला लागला. पण तुझा नियम मी मोडला. मी त्यांच्याकडे बघत बोलत होते. आणि बोलता बोलता दिसलं, प्रमोदचा डावा हात उठला आणि छातीकडे गेला.

मी शब्दाच्या मध्ये थांबले. "प्रमोद! काय होतंय? पाठ दुखते? जबडा? बोल ना रे!"

सगळ्यांचे डोळे उघडले. प्रमोद घाबरून उभा राहिला. "काय नाय मावशी. मुंगी. काखेत शिरलीय."

"शर्ट काढ."

"मुंगी हाय हो, मावशी."

"मुंगी तर मुंगी. काढ म्हटलं ना."

काढला बिचाऱ्याने. मुंगीच होती. संतोष तर बाकड्यावरून पडायचा राहिला. "झालं! सिस्टर म्हणायच्या, मावशी कशासाठी पण थांबणार नाय. मावशी मुंगीसाठी थांबल्या!" सगळे हसले, मी पण हसले, तुझ्यानंतर पहिल्यांदा.

प्रमोद हसला नाही. शर्टाची बटणं लावत होता आणि एक बटण काही केल्या काजात जाईना. बाकीचे चहाला बाहेर गेले तरी तो तिथेच बटणाशी. मग खाली मान घालून म्हणाला, "मावशी, त्या दिवशी मी समोरच होतो. तुमची गोष्ट ऐकत चहा पीत होतो. हसत होतो. एकदा वळून बघितलं असतं तर..."

हॉस्पिटलच्या दारात तो त्या दिवशी कसा उभा असेल, ते तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं. तुला आत नेलं, मी तुझ्यामागे गेले. तो दारातच राहिला असणार. हात कुठे ठेवायचे ते न कळून.

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. तुझा काय दोष नाय रे, डॉक्टर म्हणाले झटका मोठा होता, सिस्टर कुठे असेल तिथून तुझ्यावर खूश असेल. बोकडसुद्धा आला होता तोंडाशी. मी त्याच्या शेजारी बाकड्यावर बसले आणि काही बोलले नाही. तुला खरं वाटणार नाही, पण बोलले नाही. तो बोलत होता, थांबत होता, परत बोलत होता. मध्ये मध्ये ते बटण.

आपलं भांडण अजून बाकी आहे. मी हरले असं म्हणत नाही, माझं उत्तर माझ्याकडे आहे अजून. पण हात बघितले गो मी, हमिदा. त्याचे बघितले.

तुझे राहिले.